बिजागरीची सायकल आणि बंद होत चाललेल्या वाटा

"मेल्या, ह्या फ्रेमीक मधी बिजागरी कित्याक?"

आमच्या बाजारातल्या सायकलवाल्या काकांनी दोन वर्षांपूर्वी मला विचारलेला हा प्रश्न. पुण्यातल्या एका सायकलस्वाराकडून मी जुनी ॲल्युमिनियमची फ्रेम मागवली होती. पुढे शॉक, मागे शॉक, डोंगरातल्या लांब शर्यतींसाठी केलेली. काकांनी ती हातात घेतली, मागचा भाग दाबून बघितला आणि म्हणाले, "पन्नास वर्सां मी वाकलेली फ्रेम सरळ करतंय, आणि तू आपणहून वाकणारी घेवन इलंस!"

त्यावर मी हसलो, पण उत्तर काही देता येईना. म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता जे सापडलं ते सायकलीबद्दल कमी आणि रस्त्यांबद्दल जास्त होतं. शेवटी गाडी आपल्याच गावच्या घाटीवर येऊन थांबली. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

आपल्याला वाटतं की शॉकअपची सायकल ही आत्ताची भानगड. तसं नाही मंडळी. १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला जे. के. स्टार्ले यांनी 'रोव्हर' सायकल काढली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आजच्या सायकलीची आजीच. त्याच वर्षी लिन्ली अँड बिग्ज या कंपनीने 'व्हिपेट' नावाची सायकल आणली, आणि तिच्या फ्रेममध्ये स्प्रिंग होती! टायर तेव्हा भरीव रबराचे आणि रस्ते दगडाधोंड्यांचे. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची. व्हिपेट करणाऱ्यांनी सीट, हॅण्डल आणि पायडल हे तिन्ही एका घट्ट त्रिकोणात बांधले आणि तो अख्खा त्रिकोण बाकीच्या फ्रेमपासून स्प्रिंगवर टांगला. धक्का चाकाने खायचा, माणसाने नाही.

मग ही कल्पना टिकली का नाही? कारण तीनच वर्षांत, १८८८ साली, बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार आदळते म्हणून त्यांनी चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली होती. स्प्रिंगचं बरंचसं काम हवेने केलं, तेही हलक्यात आणि स्वस्तात. व्हिपेट मागे पडली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सायकलवाल्यांनी रस्तेच बदलायला लावले. १८८६ साली इंग्लंडमधल्या सायकल संघटनांनी रस्ते सुधारण्यासाठी वेगळी संस्था काढली. अमेरिकेतही सायकलवाल्यांच्या संघटनेने चांगल्या रस्त्यांची चळवळ केली. चांगले रस्ते सायकलवाल्यांनी मागितले आणि पुढे त्यावरून मोटारी धावल्या.

आपल्याकडे सायकल आली ती विलायती, आणि तीही तिकडच्या रस्त्यांच्या मापाची. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर. स्वातंत्र्यानंतर इथेच कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. रॉडचे ब्रेक, मागे कॅरियर, कातडी सीटखाली दोन जाड स्प्रिंगा. आपल्या पोस्टमनची, पाववाल्याची, शाळामास्तरांची सायकल हीच. पुढे कॅरियर, मागे पाटी आणि नळीवर बसलेलं पोर, एवढं सगळं ती ओढायची. वजन वीस किलोच्या आसपास, गियर शून्य. घाटी आली की उतरायचं आणि सायकलीला हात धरून चालवत न्यायचं. आमचे बाबा म्हणायचे, "अर्धी वाट मी सायकलीवर, अर्धी वाट सायकल माझ्यावर."

अशाच बिनगियरच्या सायकली घेऊन १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले होते. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर, वाटेत वाळवंटं आणि जंगलं. शॉकअप म्हणजे त्यांचे स्वतःचे गुडघे आणि कोपर!

मग स्प्रिंग परत कशी आली? त्यासाठी अमेरिकेत जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमध्ये सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून कच्च्या रस्त्याने खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. त्या उताराचं नाव 'रिपॅक'. कारण ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, आणि खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. दर खेपेला पुन्हा भरावं लागे, म्हणून रिपॅक.

त्या टोळीतल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी मुद्दाम वेगळी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेम घेऊन विक्री सुरू केली, धंद्याचं नाव 'माउंटनबाइक्स'. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने कारखान्यात तयार केलेली 'स्टम्पजम्पर' बाजारात आणली. ज्या रस्त्यांना शंभर वर्षं सायकलने टाळलं, तिथे ती परत निघाली होती. १९८९ च्या सुमारास मोटोक्रॉसच्या दुनियेतून आलेल्या पॉल टर्नरने हवा आणि तेलावर चालणारा पुढचा चिमटा आणला, तो रॉकशॉक्स. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटाला क्रॉस-कंट्री थेट ऑलिम्पिकमध्ये गेली.

पुढचा शॉक लवकर रुळला, मागच्याने मात्र वर्षानुवर्षं छळलं. कारण साधं आहे. मागचं चाक वर-खाली हलायला लागलं की पायडल मारताना तुमचीच ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. चढावर सायकल घोड्यासारखी डुलते. शिवाय वजन वाढतं. मूळचे ऑस्ट्रियाचे मोटोक्रॉस स्वार हॉर्स्ट लाइटनर यांनी मागच्या चाकाच्या आसाच्या जरा पुढे, खालच्या नळीवर एक जादा सांधा दिला. त्यामुळे चाक हललं तरी पायडलच्या जोराचा आणि ब्रेकचा शॉकवर होणारा परिणाम कमी झाला. काकांनी बोट ठेवलं ती बिजागरी याच घराण्यातली.

तरी शर्यतीतले बरेच जण मागे शॉक नसलेली हलकी सायकलच धरून बसले होते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी मागेपुढे शॉकच्या सायकलीवर आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर मागे शॉक नसलेल्या सायकलीवर. शेवटच्या झटापटीत कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. चार वर्षांनी रिओत शुर्टर स्वतः मागेपुढे शॉकची सायकल घेऊन आला आणि सुवर्ण नेलं. कुल्हावी दुसरा आला.

कारण तोवर कळलं होतं की शॉक फक्त बुडाला आराम म्हणून नसतो. दगडावरून टणकन उडालेलं चाक हवेत असतं, तेव्हा ते ना पुढे ढकलतं ना ब्रेक धरतं. शॉक चाकाला जमिनीला चिकटवून ठेवतो. तुमची ताकद उडण्यात जात नाही, पुढे जाण्यात जाते.

आपल्या पोरांना 'डबल शॉकप' म्हणून जी सायकल दुकानात मिळते, तिच्यात ही बिजागरी दिसते खरी, पण आतमध्ये नुसती स्प्रिंग. तिची उसळी आवरणारं तेल नाही आणि वजन जुन्या काळ्या सायकलीएवढं. चढावर पोर उतरतंच. खऱ्या हलक्या सायकली आपल्या देशात दुकानात दिसू लागल्या त्या २००५ मध्ये फायरफॉक्स कंपनी आली त्या सुमारास, त्याही आधी मोठ्या शहरांत. मालवणपर्यंत असलं काही यायचं तर कुरिअरने, सुटं सुटं.

माझी सायकल तशीच जमली. चौदा महिने लागले. फ्रेम पुण्याची, चाकं एकाकडून, पुढचा शॉक दुसऱ्याकडून. पुढे एकच चक्र, ३२ दात्यांचं. मागे बारा चक्रं, सगळ्यात मोठं ५१ दात्यांचं. टायरमध्ये ट्यूब नाही, पंक्चर आपोआप बुजवणारं पांढरं द्रव आहे. पुढच्या टायरात हवा फक्त २० पीएसआयच्या आसपास. काकांना हे पटेना, त्यांच्या मते टायर अंगठ्याने दबला तर ती सायकल नव्हे. शॉकमध्ये हवा भरण्याची रीतही वेगळी. आपण वर बसल्यावर तो आपल्या पूर्ण हालचालीच्या साधारण पाव भाग खाली बसला पाहिजे. मग चाकाला खड्ड्यातही उतरता येतं.

एक बोल्ट मी उत्साहात जास्त आवळला आणि आटे गेले. चूक माझीच, मोजून आवळायचा पाना तेव्हा घेतला नव्हता. पहिल्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने मागच्या सांध्यांचे बेअरिंग गंजून जाम झाले. काकांनी लांब बोल्ट, दोन वायसर आणि जुनी वाटी यांचा जुगाड करून ते ओढून काढले आणि नवे सरळ बसवले. ज्या बिजागरीला हसले होते, तिचे ते आता तालुक्यातले तज्ज्ञ आहेत.

शेवटी ओळखीच्या मासेवालीच्या काट्यावर सायकल टांगली. ११ किलो ९०० ग्रॅम! खर्चाचा आकडा घरी सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

ही सायकल घेऊन मी थंडीतल्या सकाळी घाटी चढून सड्यावर जातो. जांभ्या दगडाचा कातळ, वाळलेलं गवत, दूर समुद्र. कुडोपीच्या बाजूला कातळशिल्पं आहेत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कुडोपी आहे. तिथे सायकल लांब ठेवून चालत जायचं, चित्रांवर चाक घालायचं नाही. उतरताना पाखाडी, व्हाळावरचा साकव, गडग्यांमधली पाणंद. ही सायकल जणू याच वाटांसाठी घडवलेली आहे.

आणि नेमक्या याच वाटा बंद होताहेत.

गेल्या जानेवारीत दोन वाड्यांना जोडणाऱ्या पाणंदीतून उतरत होतो. लहानपणी या वाटेने आम्ही एसटी पकडायला धावायचो. वळणावर समोर चिऱ्यांचं नवं कंपाउंड आणि लोखंडी गेट. मी सायकल वळवली, माझं काय जातंय? पण तिथे कवळाचा भारा डोक्यावर घेतलेली एक आजी उभी होती. दहा मिनिटांच्या वाटेसाठी तिला आता डांबरी रस्त्याने अडीच किलोमीटर वळसा. मला म्हणाली, "बाबा, वाट ही कोणाची नसता, म्हणान ती कोणय बंद करता."

आजीच्या या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना पायवाटांचे नकाशे करायला लावले. नकाशावर आलेली वाट हा हक्काचा पुरावा झाला. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलला परवानगी मिळाली, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची या अटीवर. आज तिथे डोंगरात सायकल चालते ती या दोन कायद्यांच्या जोरावर.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. गावनकाशात पायवाटा आणि गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ शेताच्या बांधावरून वाट मिळण्यासाठी आहे. अडचण अशी की लोक आपसातल्या भिडेने गप्प बसतात आणि सहा महिने निघून जातात.

जमीन ज्याची त्याची आहे, आणि कंपाउंड घालण्याचा त्याचा हक्कही मला मान्य आहे. माणसाला जाण्यापुरती फट ठेवली तर कोणाचं नुकसान होत नाही. आपल्या जुन्या गडग्यांमध्ये ती असायचीच. गुरं अडायची, माणूस जायचा.

मी माझ्या गावातल्या वाटांची यादी सुरू केली आहे. नाव, कुठून कुठे, चालू की बंद. आतापर्यंत ११ लिहिल्या, त्यातल्या ३ बंद. गावनकाशाची प्रत काढून ताडून बघणार आहे आणि पुढच्या ग्रामसभेत यादी ठेवणार आहे. माझ्याकडे सायकल आहे म्हणून मी सायकलने फिरतो, तुम्ही चालत फिरा.

तुमच्या वाडीतल्या एका तरी वाटेचं नाव खाली लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना प्रत्येक वळणाचं नाव ठाऊक असतं. आणि वाट नुकतीच बंद झाली असेल तर तारीखही लिहा, सहा महिने तिथूनच मोजायचे आहेत.