तळटीप : ‘तारण’

*१. तारण :* जळकोट-उदगीरकडच्या वाचकाला या शब्दाचा व्यवहारी अर्थ आधी आठवेल. सोयाबीन, तूर गोदामात ठेवायची आणि भाव चढेपर्यंत पावतीवर कर्ज उचलायचे. हे शेतमाल तारण. मजकुरातला अर्थ मात्र मराठी बायबलमधला, ‘तारणे’वरून आलेला : पापातून व मरणातून सुटका. ‘येशू’ या नावाच्या मूळ हिब्रू रूपाचा अर्थही ‘परमेश्वर तारतो’ असाच आहे.

दोन्ही अर्थ शेजारी ठेवले की फरक उघड होतो. गोदामात पोती नसतील तर कर्ज नाही. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र माणसाने काहीच ठेवायचे नसते. देवाने प्रेमापोटी पुत्र दिला, त्याने क्रुसावर किंमत चुकवली. माणसाने ते दान विश्वासाने स्वीकारायचे. बायबलमधल्या, इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल हेच सांगतो : तारण कृपेने, कर्मांची कमाई म्हणून नव्हे. सत्कर्मे त्यानंतरची, कृतज्ञतेची.

वारकरी परंपरेतली भवसागर तारून नेणाऱ्या विठ्ठलाची कल्पना इथे सहज आठवते. ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळकही (१८६१–१९१९) आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे मानत. – संपा.