परिचारिकांचीं थडगीं आणि त्यांचा शोध

बेल्जम देशांत पोपरिंगे गांवाजवळ लाइसेन्थूक नांवाची एक लष्करी दफनभूमि आहे. पहिल्या महायुद्धांतील दहा हजारांहून अधिक मृत तेथें रांगांनीं निजले आहेत. एवढ्या समुदायांत स्त्री मात्र एकच. सोळाव्या विभागांत, पहिल्या रांगेंत, तिसरी शिळा आहे ती नेली स्पिंडलर हिची. इंग्लंडांतील वेकफील्ड गांवची ही सव्वीस वर्षांची परिचारिका ब्रांडहूक येथें, आघाडीलगतच्या तंबूंच्या इस्पितळांत, काम करीत होती. २१ ऑगस्ट १९१७ रोजीं सकाळीं त्या इस्पितळावर तोफगोळे येऊं लागले. एका गोळ्याचा तुकडा लागून ती पडली व थोड्याच मिनिटांत गतप्राण झाली. तिला लष्करी इतमामानें पुरण्यांत आलें. आज त्या स्थळीं जाणारा मनुष्य तिच्या शिळेपुढें थांबल्यावांचून परतत नाहीं, आणि त्या शिळेचीं छायाचित्रें किती निघालीं असतील याची गणती नाहीं.

परंतु नेली स्पिंडलरला लाभलें तें तिच्या बहुसंख्य भगिनींना लाभलें नाहीं. युद्धांत सेवा करतां करतां ज्या परिचारिका मेल्या, त्यांतील पुष्कळ जणी ज्वरानें, आमांशानें, पटकीनें वा क्षयानें मेल्या. आणि ज्या गांवीं मृत्यु आला त्या गांवच्या मातींत त्या गेल्या. त्यांचीं थडगीं धुंडाळून काढावयाचीं, त्यांवरील अक्षरें वाचावयाचीं आणि छायाचित्र घेऊन तें मागणाऱ्याच्या हातीं द्यावयाचें, हें काम आज अनेक देशांत साधीं माणसें वेतनावांचून करीत आहेत. त्यांत पेन्शनर आहेत, शिक्षक आहेत, सुटीचा दिवस सत्कारणीं लावूं पाहणारे नोकरदार आहेत. या कामाचा उगम मात्र थेट पहिल्या महायुद्धांतच आहे.

१९१४ सालीं फेबियन वेअर नांवाचे एक गृहस्थ रेड क्रॉसच्या मोटारींचें पथक घेऊन फ्रान्सांत गेले. पूर्वी ते ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राचे संपादक होते. वय पंचेचाळीस झाल्यामुळें सैन्यांत त्यांना कोणी घेईना. जखमींस उचलून नेण्याच्या कामावर असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, मेलेल्यांच्या जागा कोणीच नोंदवीत नाहीं. लांकडी क्रूस पावसानें कुजतात, पेन्सिलीनें लिहिलेलें नांव महिन्याभरांत पुसून जातें. वेअर यांनीं नोंदी करण्यास आरंभ केला आणि १९१५ सालीं सैन्यानें त्या कामाला अधिकृत मान्यता दिली. मृतदेह स्वदेशीं नेण्यास बंदी झाली होती. श्रीमंताच्या मुलाचा देह घरीं यावा आणि गरिबाचा परदेशांत राहावा, हा भेद त्यांना नको होता. मग घरच्या माणसांनीं समाधान तरी कशांत मानावें? त्यासाठीं थडग्याचें छायाचित्र काढून पाठविण्याची प्रथा पडली. खर्च रेड क्रॉसनें सोसला. एका साध्या पुठ्ठ्यावर तें चित्र चिकटविलेलें असे आणि खालीं मृताचें नांव, हुद्दा, थडग्याची जागा व सर्वांत जवळचें रेल्वे स्टेशन इतकें लिहिलेलें असे. हें स्टेशनचें नांव लिहिणारा कारकून कोण होता कोणास ठाऊक, पण त्याला आईचें मन कळत होतें. कधींकाळीं जातां आलेंच, तर उतरावयाचें कोठें, हें त्या पुठ्ठ्यानें सांगून ठेविलें होतें.

पुढें २१ मे १९१७ रोजीं राजाच्या सनदेनें ‘इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ स्थापन झालें. १९६० पासून त्याच्या नांवांत ‘इंपीरियल’च्या जागीं ‘कॉमनवेल्थ’ हा शब्द आला. कमिशननें सर्वांस एकच शिळा ठरविली : दोन फूट आठ इंच उंच आणि सव्वा फूट रुंद. सेनापति असो, शिपाई असो वा परिचारिका असो, शिळा तीच. वरचें चिन्ह तेवढें पलटणीचें किंवा परिचर्या-दलाचें. तळाशीं घरच्यांना चार शब्द कोरवून घेतां येत, परंतु अक्षरें सहासष्टांपेक्षां अधिक नकोत, आणि प्रत्येक अक्षरास साडेतीन पेनी दर. पुढें ही रक्कम ऐच्छिक झाली. न्यूझीलंडनें तर अशा वैयक्तिक ओळी मुळींच घेऊं दिल्या नाहींत. समता राखण्याचा हा एक प्रकार खरा, पण अंमळ कठोरच म्हटला पाहिजे.

इतकी व्यवस्था असतां मग स्वयंसेवकांना शोधण्यासारखें उरलें तें काय? दोन्ही महायुद्धांतील सतरा लाख मृतांचें स्मरण आज कमिशन दीडशेंहून अधिक देशांत राखीत आहे. परंतु वहींत नांव असणें निराळें आणि दगड डोळ्यांनीं दिसणें निराळें. या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्लंडांत ‘वॉर ग्रेव्ह्ज फोटोग्राफिक प्रॉजेक्ट’ या नांवानें कार्य सुरू झालें, तें प्रत्येक युद्धथडग्याचें छायाचित्र घेण्याच्या संकल्पानें. दहा लाखांवर छायाचित्रें आजपर्यंत जमलीं आहेत आणि अल्प खर्च घेऊन तीं नातलगांस दिलीं जातात.

लष्करी दफनभूमींत काम सोपें असतें. विभाग, रांग, क्रमांक, सारें ठरलेलें. अडचण येते ती खेड्यांतील चर्चच्या आवारांत. तेथें क्रमांक नसतात. शिळा शेवाळानें हिरवी झालेली, वर वेल चढलेला. परिचारिकेचें नांव कित्येकदां स्वतंत्र दगडावर नसून आईबापांच्या शिळेवर शेवटच्या ओळींत असतें. त्यांतही एक मोठा चकवा आहे. मुलगी बसऱ्यास किंवा सालोनिकास मेलेली असते. घरच्यांनीं केवळ आठवण म्हणून तिचें नांव कोरविलेलें असतें. येथें ती नाहींच. अनुभवी स्वयंसेवक अशी ओळ शेवटपर्यंत वाचल्यावांचून थडगें सांपडल्याची नोंद करीत नाहीं.

छायाचित्र घेण्यांतही कसब आहे. दुपारच्या उन्हांत पांढऱ्या दगडावरील अक्षरें मिटल्यासारखीं होतात. ऊन बाजूनें तिरपें आलें म्हणजे प्रत्येक अक्षराच्या खोबणींत सावली धरते आणि झिजलेलें नांवही उमटून दिसतें. ऊन तसें नसेल तर आरशानें कवडसा पाडतात. दगड धुवावयाचा तो साध्या पाण्यानें आणि मऊ कुंचल्यानें. तारेचा ब्रश लावणाऱ्यास या मंडळींत थारा नाहीं.

पुरुषांच्या मानानें स्त्रियांचीं थडगीं हुडकणें अवघड कां, याचें कारण दगडांत नाहीं, समाजांत आहे. सैनिकाच्या मागें पलटण असते. पलटणीचा इतिहास लिहिला जातो, वार्षिक मेळावे भरतात, जुने सोबती एकमेकांच्या थडग्यांची चौकशी ठेवतात. परिचारिकेची बदली आज या इस्पितळांत, उद्यां त्या जहाजावर. शिळेवर बहुधा नांवाचें आद्याक्षर व आडनांव एवढेंच. त्यावरून स्त्री कीं पुरुष हें उमगण्यास खालचा हुद्दा वाचावा लागतो. आणि मुख्य गोष्ट ही कीं, सरकारी परिचर्या-दलांत त्या काळीं अविवाहित वा विधवा स्त्रियांनाच घेत. लग्न ठरलें कीं राजीनामा. त्यामुळें सैनिकाचा नातू ‘माझ्या आजोबांचें थडगें कोठें?’ असें विचारीत येतो, तसें परिचारिकेविषयीं विचारणारें बहुधा कोणी जन्मलेंच नाहीं. भाचे-पुतणे होते तोंवर आठवण टिकली. पुढच्या पिढींत भिंतीवरची तसबीर माळ्यावर गेली.

आपल्याकडे पितृपक्षांत तर्पण करतांना ज्यांना पुत्र नाहीं, ज्यांचें नांव घेण्यास कोणी उरलें नाहीं, त्यांच्या नांवेंही एक ओंजळ सोडण्याची चाल आहे. मृताचा देह अग्नीस देणाऱ्या समाजास थडग्याची एवढी ओढ कदाचित् नवलाची वाटेल; पण ही ओंजळ ज्यांनीं पाहिली आहे त्यांस या स्वयंसेवकांचा उद्योग परका वाटूं नये.

कित्येक जणी तर वहींतही नव्हत्या. कमिशनच्या नियमाप्रमाणें पहिल्या महायुद्धाचा मृत म्हणून गणला जाण्यास ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या मुदतींत मृत्यु आलेला असला पाहिजे, आणि सेवा सोडल्यावर मृत्यु आला असेल तर तो सेवेमुळें आला असें सिद्ध झालें पाहिजे. इस्पितळांत क्षय जडलेली परिचारिका घरीं परतून दोन वर्षांनीं वारली, तर तिची नोंद करणार कोण? ‘इन फ्रॉम द कोल्ड’ या नांवाचा एक स्वयंसेवक-संघ २००७ पासून अशीं सुटलेलीं नांवें, पुरुषांचीं तशींच स्त्रियांचीं, शोधीत आहे. मृत्यूचा दाखला मिळवावयाचा, सेवेचे कागद जुळवावयाचे, थडगें हुडकावयाचें आणि प्रकरण कमिशनपुढें मांडावयाचें, असा त्यांचा क्रम. याच्या पुष्कळ आधीं, १९२५ सालीं, यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्यें युद्धांत कामीं आलेल्या साम्राज्यांतील चौदाशेंहून अधिक स्त्रियांचीं नांवें ओक लांकडाच्या फळ्यांवर लिहिलीं गेलीं. तें काम स्त्रियांनींच पुढाकार घेऊन केलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कांहीं थडगीं दूर बेटांवर आहेत. ग्रीसच्या लेम्नॉस बेटावर १९१५ च्या सप्टेंबरांत आमांशाच्या सांथींत मेरी मन्रो आणि मेट्रन जेसी जॅगर्ड या दोन कॅनेडियन परिचारिका एकाच महिन्यांत वारल्या; दोघी पोर्तियानॉस गांवच्या दफनभूमींत आहेत. आणि कांहींना थडगें असें नाहींच. २७ जून १९१८ रोजीं ‘लँडोव्हरी कॅसल’ हें रुग्णनौकेचें काम करणारें जहाज जर्मन पाणबुडीनें बुडविलें, तेव्हां त्यावरील चौदाही कॅनेडियन परिचारिका समुद्रांत गेल्या. छायाचित्र घ्यावयाचें तें हॅलिफॅक्स बंदरांतील स्मारकावरच्या नांवांचें.

दुसऱ्या महायुद्धांतील एक हकीकत याहून दारुण आहे. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडण्याच्या सुमारास ‘व्हायनर ब्रुक’ या बोटीनें पासष्ट ऑस्ट्रेलियन परिचारिका निघाल्या. बोट जपानी विमानांनीं बुडविली. बारा जणी बुडाल्या. एकवीस जणींस बांका बेटाच्या किनाऱ्यावर समुद्रांत चालावयास लावून पाठीमागून गोळ्या घातल्या गेल्या. त्यांना थडगीं नाहींत. बत्तीस जणी कैदेंत पडल्या. सुमात्रा व बांका येथील छावण्यांत उपासमार व मलेरिया यांनीं माणसें पटापट मरूं लागलीं, तेव्हां कैदी स्त्रियांनींच खड्डे खणले आणि आपल्या मैत्रिणींना स्वतः खांदा देऊन पोंचविलें. आठ परिचारिका तेथें वारल्या. शेवटची, पर्ल मिटेलहॉयझर, १८ ऑगस्ट १९४५ रोजीं गेली. जपाननें शरणागति पत्करून तीन दिवस होऊन गेले होते. छावणींत ती वार्ता अद्याप पोंचली नव्हती. पुढें त्या आठ जणींना जाकार्ताच्या युद्धदफनभूमींत आणून प्रत्येकीस स्वतंत्र थडगें देण्यांत आलें.

मुंबईंतील थडग्यांचें तसें झालें नाहीं. १९१६ सालीं मेसापोटेमियाच्या मोहिमेंतील जखमी व आजारी सैनिकांचे तांडे बोटींनीं मुंबईस येत होते. शहरांत जागा मिळेल तेथें इस्पितळें उघडलीं होतीं. आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून जी इमारत सर्वांच्या परिचयाची आहे, ती नुकतीच बांधून झाली होती. तिच्यांत पुराणवस्तूंच्या आधीं रुग्णांच्या खाटा आल्या आणि संग्रहालय म्हणून तिचें दार १९२२ सालींच उघडलें. या इस्पितळांतून काम करण्यास ऑस्ट्रेलियांतून परिचारिका आल्या. युद्धाच्या सर्व काळांत हिंदुस्थानांत आलेल्यांची संख्या पांचशेंहून अधिक भरते. त्यांतील एमी ओग्रेडी आणि कॅथलीन पॉवर या दोघी १९१६ च्या ऑगस्टांत, ऐन पावसाळ्यांत, कुलाबा येथें पटकीनें एकामागोमाग मरण पावल्या. शिवडीच्या दफनभूमींत त्यांना मूठमाती मिळाली.

स्वातंत्र्यानंतर देशभर विखुरलेल्या छावण्यांतील जुन्या दफनभूमींची निगा राखणें कठीण झालें. मार्च १९६२ मध्यें शिवडीच्या दफनभूमींतून ६२९ जणांचे अवशेष पुण्याजवळ खडकीच्या युद्धदफनभूमींत हलविण्यांत आले. तेथें दुसऱ्या महायुद्धांतील १,६६८ जणांच्या शिळा रांगेनें उभ्या आहेत. पण पहिल्या महायुद्धांतील मृतांसाठीं स्वतंत्र शिळा नाहींत. हिंदुस्थान व हल्लींचें पाकिस्तान येथील ज्या मृतांचीं थडगीं राखतां आलीं नाहींत, अशा अठराशेंहून अधिक जणांचीं नांवें एका स्मारकावर कोरलेलीं आहेत. ओग्रेडी व पॉवर हीं नांवें तेथेंच वाचावयास मिळतात.

म्हणून ऑस्ट्रेलियांतून कोणा पणतभाचीनें या दोघींच्या थडग्यांची चौकशी केली, तर पुण्याच्या स्वयंसेवकाला शिळा शोधावयाची नसते. त्यानें सकाळीं लवकर, तिरपें ऊन असतां, खडकीस जावयाचें. पुरुषांच्या नांवांत मिसळलेलीं हीं दोन नांवें बोटानें हुडकावयाचीं. आधीं सबंध फलकाचें, मग एकेका नांवाचें, आणि शेवटीं सभोंवतालच्या हिरवळीचें, अशीं छायाचित्रें घ्यावयाचीं. जुन्या पुठ्ठ्यावरच्या रीतीनें खालीं स्टेशन लिहावयाचें झालें, तर तें खडकी. पहिली माती मात्र शिवडीची.