मुक्तकाचा सारांश

मुक्तकाचा सारांश : पूर्वापर संदर्भावाचून स्वतंत्रपणे अर्थ देणाऱ्या एकेका पद्यास संस्कृत साहित्यशास्त्रात ‘मुक्तक’ म्हणतात. त्याचा वस्तुनिष्ठ सारांश देणे दीर्घ काव्याच्या सारांशाहून कठीण असते. दीर्घ काव्यातील गौण तपशील गाळता येतो. मुक्तकात गाळण्याजोगे फारसे नसते, उलट न सांगितलेलेच पुष्कळ असते. ह्या अडचणीचा उद्‌बोधक इतिहास गाथासप्तशतीच्या विवेचनात आढळतो. सातवाहन राजा हाल ह्याच्या नावावर असलेल्या ह्या माहाराष्ट्री प्राकृत संग्रहातील गाथा सामान्यतः अवघ्या ५७ मात्रांची असते.

त्यांपैकी एका गाथेत एका धार्मिक पुरुषास निःशंकपणे हिंडण्यास सांगितले आहे; कारण त्याला भिवविणारा कुत्रा गोदावरीकाठच्या झाडीतील सिंहाने मारला आहे. हा झाला वाच्यार्थ. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात ह्याच गाथेच्या आधारे, शब्दांत अनुज्ञा असली तरी सूचित अर्थ निषेधाचा आहे, असे दाखविले. लोचन ह्या टीकेत अभिनवगुप्ताने त्याचे कारण दिले : कोणा स्त्रीचे संकेतस्थळ तेथे असून धार्मिकाचा वावर व त्याने केलेली पानाफुलांची तोड तिला टाळावयाची आहे. मूळ गाथेत मात्र बोलणारी व्यक्ती कोण हे सांगितलेले नाही आणि संकेतस्थळाचाही उल्लेख नाही.

अकराव्या शतकात महिमभट्टाने व्यक्तिविवेकात हा निषेध ध्वनीने नव्हे, तर अनुमानाने कळतो, असे प्रतिपादिले. मम्मटाने काव्यप्रकाशात अशा अनुमानाचे खंडन केले. भित्रा मनुष्यही गुरूच्या आज्ञेने वा प्रेमापोटी भयाच्या जागी जातो. शिवाय तेथे सिंह आहे ह्याला केवळ बोलणारीच्या शब्दाचा आधार आहे, असे त्याचे म्हणणे होते.

गंगाधरासारख्या टीकाकारांनी गाथांचे अर्थ लावताना कोण कोणास उद्देशून बोलत आहे, हे सांगणारी प्रस्तावना जोडली. ती वाचकास उपकारक असली, तरी ती गाथेचा भाग नव्हे. सूचितार्थ वगळल्यास सारांश कवीच्या अभिप्रायाच्या नेमका उलट होतो. टीकाकाराचा संदर्भ मूळचा म्हणून दिल्यास एका वाचकाचे मत कवीच्या नावावर जाते. म्हणून शब्दांत सांगितलेले, त्यांतून सूचित होणारे आणि टीकाकाराने पुरविलेले ह्यांचा वेगवेगळा निर्देश करणे, हीच येथे वस्तुनिष्ठता होय. असा सारांश बहुधा मूळ पद्याहून लांब होतो.