बिनतारी मोटारीचा तळ



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. पस्तीस वर्षें शाळेंत तोच विषय शिकविल्यामुळें माझ्या तोंडून दुसरें कांहीं निघेल अशी आपली अपेक्षा नसावी. पण आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयास मी बसलों आहें, ती पुरती हातभर लांबही नाहीं. मुलें, आणि मुलांपेक्षांही त्यांचे बाप, तार किंवा दोरी न लावतां नुसत्या हातांतील यंत्रानें जी चिमुकली मोटार माळावर पळवितात, ती ही मोटार. तिचाही समग्र इतिहास सांगण्याचा माझा मानस नाहीं. ज्या पाटावर तिचें सारें यंत्र बसविलेलें असतें आणि ज्याला कारागीर ‘चासी’ म्हणतात, तेवढ्याविषयींच मी बोलणार आहें. आणि तो पाट दगडमातीपासून वांचविण्यासाठीं माणसांनीं काय काय केलें, त्याविषयीं.

हा विषय मला सुचला तो एका फजितीमुळें. माझ्या नातवाजवळ अशी एक मोटार आहे. गेल्या हिवाळ्यांत एका मुरमाड मैदानावर शर्यत होती, आणि विजेऱ्यांची पिशवी सांभाळण्याच्या कामावर मी हजर होतों. दोन फेऱ्यांच्या मधल्या अवकाशांत मागच्या दंतचक्रांची पेटी उघडावी लागली. ती पेटी चासीला खालून चार स्क्रूंनीं आवळलेली असते. मोटार उलटी केली तों दिसलें कीं, दगडांवर घांसून स्क्रूंचीं डोकीं पार झिजलीं आहेत, त्यांतील षट्कोनी खांच नांवापुरती उरली आहे, आणि उरलेल्या खांचेंत मुरूम सिमेंटासारखा बसला आहे. दाभणानें तो कोरून काढला. तीन स्क्रू कसेबसे निघाले. चौथ्यांत पाना घातला कीं तो नुसता गरगर फिरे. तिकडे नातवाचें नांव पुकारलें गेलें, पुन्हां पुकारलें गेलें, आणि बाकीच्या मोटारी सुटल्या. आमची मोटार माझ्या मांडीवर उताणी पडली होती. घरीं येईपर्यंत पोरगा एक अक्षर बोलला नाहीं. तो चौथा स्क्रू दुसऱ्या दिवशीं एका लेथवाल्यानें ड्रिलनें पोखरून काढला. भल्या माणसानें पैसेही घेतले नाहींत. त्या रात्रीं मीं प्रथमच त्या मोटारीचें पोट भिंगाखालीं धरून नीट पाहिलें.

तळाची ही दुर्दशा कां होते? या जातीच्या मोटारीचें वजन दीड किलोच्या आसपास असतें, आणि तिचें पोट जमिनीपासून दोन-तीन बोटेंच उंच. शर्यतीच्या मार्गावर मुद्दाम उंचवटे केलेले असतात. त्यांवरून ती कमरेइतकी उसळते. खालीं येतांना चाकें वर दबतात आणि पोट जमिनीवर आपटून घसरत जातें. वाळूचा कण म्हणजे बहुतांशीं गारगोटी, आणि गारगोटी अ‍ॅल्युमिनियमपेक्षां पुष्कळच कठीण. प्रत्येक उडीला तळावर एकदां कानस फिरते, असेंच म्हणाना.

बिनतारी वाहनाच्या जनकाला ही अडचण भासली नाहीं. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें लोकांसमक्ष जें वाहन दुरून चालवून दाखविलें ती नौका होती, आणि पाण्याला दांत नसतात. पुढें १९६६ च्या सुमारास इटलींतील रेज्जो एमिलिया या शहरांतल्या एका कारखान्यानें फेरारीची छोटी प्रतिकृति बिनतारी यंत्रासह विकावयास काढली. ती आणि तिच्या मागोमाग आलेल्या मोटारी गुळगुळीत जागेवर धांवावयाच्या. तळ म्हणजे एक सपाट पाट. तो घांसलाच तर वळणावर जरासा.

खरी कथा सुरू होते ती जपानांतील शिझुओका शहरांत. तेथील तामिया कंपनीचा मूळचा धंदा लांकूड कापण्याचा. १९४६ सालीं निघालेली ती वखार पुढें लांकडी प्रतिकृतींकडे आणि तेथून प्लॅस्टिककडे वळली. १९७६ सालीं तिनें बिनतारी पोर्शे मोटार काढली, ती रस्त्यावरचीच. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पांत त्या काळीं फोक्सवॅगनच्या जुन्या ‘बीटल’ मोटारींचीं कातडीं सोलून त्या वाळवंटांत पिटाळण्याचें वेड माजलें होतें. बाहामधील हजार मैलांची शर्यत १९६७ पासून सुरू झाली होती. त्या धुळकट मोटारींना नमुना धरून तामियानें १९७९ सालीं ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दोन मोटारी बाजारांत आणल्या, आणि खेळणें मातींत उतरलें.

या मोटारींचा पाट काचतंतूंचा होता. काचेचे तंतू राळेंत बसवून केलेली चिवट फळी. तिच्यावर एक पारदर्शक बंद पेटी असे, आणि तींत विजेरी व बिनतारी यंत्र. पाणी आंत जाऊं नये, धूळ जाऊं नये, म्हणून हा खटाटोप. विजेरी बदलावयाची म्हणजे दर वेळीं पेटी उघडावयाची, कंटाळवाणें काम. माझ्या मतें तामियाच्या कारागिरांनीं तळ वांचविला नाहीं, तळावरचें बिऱ्हाड वांचविलें. त्यांना तें पुरेसें वाटलें असावें, कारण त्यांच्या मनांत गंमत होती, शर्यत नव्हती. लोकांचें त्या मोटारींवरील प्रेम मात्र इतकें टिकलें कीं, तीस वर्षांनीं, २००९ आणि २०१० सालीं, त्या पुन्हां काढाव्या लागल्या.

शर्यत आली ती १९८४ सालीं. त्या एकाच वर्षांत तळाच्या प्रश्नाला दोन निरनिराळीं उत्तरें मिळालीं. तामियानें ‘ग्रासहॉपर’ व ‘हॉर्नेट’ या मोटारींना गुरांच्या नांदेसारखा खोलगट, एकसंध ओतीव प्लॅस्टिकचा तळ दिला. प्लॅस्टिक दगडावर आपटलें तर वांकतें आणि परत सरळ होतें; ओरखडे पडतात, पण किंमत बेताची असल्यामुळें त्यांचें दुःख नसतें. कॅलिफोर्नियांतील टीम असोसिएटेडनें मात्र ‘आरसी-टेन’ नांवाची मोटार काढली. रॉजर कर्टिस हा तिचा शिल्पकार. तिची नांद अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, आणि तिचा रंग सोन्यासारखा झळझळीत. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतच डेल मार येथें या जातीच्या मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हां दोन चाकांना गति असणाऱ्या मोटारींच्या विभागांत जे हॉल्सी यानें हीच मोटार चालवून विजेतेपद मिळविलें.

तें सोनें म्हणजे मुलामा नव्हे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनें आपोआप एक अत्यंत पातळ साय धरते. अम्लांत बुडवून त्या पत्र्यांतून वीज सोडली कीं ती साय वाढते, आणि ती छिद्रमय असल्यामुळें रंगही पिते. या क्रियेस ‘अ‍ॅनोडाइझिंग’ म्हणतात. ही साय धातूपेक्षां कितीतरी कठीण. तेव्हां तळ वांचला, असें कोणासही वाटावें. पण तिची जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तिच्याखालीं मऊ धातु. लोण्यावर पापड ठेवून बोटानें दाबून पाहा. पापड कितीही कडक असला तरी मोडतो, कारण खालचें लोणीच दबतें. म्हणून आरसी-टेनचें सोनें पोटाखालीं भराभर उडे, आणि पांढुरके पट्टे पाहून जाणता मनुष्य मोटार किती धांवली तें सांगे. शिवाय नांद वरून उघडी. तींत माती सांचून वजन वाढे तें निराळेंच. त्यावर पॉलिकार्बोनेटच्या पातळ पारदर्शक झांकणाची योजना पुढें झाली.

यानंतर कर्बतंतूंचा पाट आला. कर्बाच्या बळकट तंतूंचा हा शोध इंग्लंडांतील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेंत १९६३ च्या सुमारास पुढें आला होता. तेथून तो विमानांत, मग मोठ्या शर्यतीच्या मोटारींत आणि अखेर खेळण्यांत उतरला. कर्बाचा पाट हलका आणि ताठ, पण त्याची कड दगडावर आपटली कीं त्याचे पापुद्रे सुटूं लागतात. शर्यतवाले ती कड घांसून गोल करतात आणि तिला पातळ झटपट-डिंक पाजतात. (घांसतांना उडणारी काळी भुकटी फुप्फुसांना वाईट, हें काम नाकाला फडकें बांधून ओल्या कागदानें करावें, असें मीं नातवास बजावलें आहे.) इंजिनावर धांवणाऱ्या, याहून मोठ्या मोटारींनीं मात्र धातु सोडला नाहीं. त्यांच्या तळाला जस्तमिश्रित कणखर अ‍ॅल्युमिनियम वापरतात. त्या कुळींतील एक धातु जपानच्या सुमितोमो कंपनीनें १९३६ सालीं सिद्ध केला होता आणि तो ‘झीरो’ या लढाऊ विमानांत गेला होता. त्या मोटारींच्या पोटाखालीं पुढें-मागें एकेक छोटा पत्रा जोडतात. तो झिजला कीं फेंकून दुसरा लावावयाचा.

हा बदलतां येणारा पत्रा मला या साऱ्या इतिहासांतील महत्त्वाची पायरी वाटते. तोंवर प्रत्येकजण तळच अधिक कठीण करण्याच्या मागें होता. आपल्याकडे बैलाच्या खुराला पत्री ठोकणाऱ्या नालबंदाला जें कळत होतें, तें या हुशार मंडळींना उमगावयास इतकीं वर्षें लागलीं!

आणि मग आली ती पारदर्शक चिकटपट्टी. तिचें घराणें मोठें गमतीचें आहे. पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनींत ऑटो बायर यानें १९३७ सालीं शोधून काढला. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांची पुढची कड धुळीनें व वाळूनें खाल्ली जाऊं लागली, तेव्हां त्या कडेवर याच पदार्थाची चिवट, पारदर्शक पट्टी चिकटविण्याची युक्ति पुढें आली. धातूची कड असलेलें पातें रात्रीं वाळूच्या लोटांत फिरूं लागलें, तर त्याभोवतीं ठिणग्यांचें कडें दिसतें. तें या झिजेचेंच चिन्ह. पट्टी मऊ, म्हणून ती कण आपटला कीं दबते आणि त्याला परत उडवून लावते. पुढें हीच पट्टी खऱ्या मोटारींच्या रंगावर गेली, सायकलींच्या नळ्यांवर गेली आणि शेवटीं आमच्या या बाळमोटारीच्या पोटाखालीं येऊन बसली. शर्यतवाले आजही तिला ‘हेलिकॉप्टर टेप’ असेंच म्हणतात.

ती लावण्यांत वजनाचा तोटा किती, हें मीं मास्तरी संवयीनें पाटीवर मांडून पाहिलें. तळ ३० सेंटिमीटर लांब व ८ रुंद धरला, तर क्षेत्रफळ २४० चौरस सेंटिमीटर. पट्टीची जाडी ०.२ मिलिमीटर, म्हणजे घनफळ ४.८ घन सेंटिमीटर, आणि वजन सुमारें ६ ग्रॅम. त्याऐवजीं तोच अ‍ॅल्युमिनियमचा तळ अर्धा मिलिमीटर जाड केला असता, तर ३२ ग्रॅम वाढले असते. शर्यतवाला ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवतो. त्यानें ही पट्टी कां उचलली, हें आतां निराळें सांगावयास नको.

वाद मात्र एक उरलाच आहे. स्क्रूंच्या डोक्यांवर पट्टी सलग न्यावी कीं तेथें भोकें पाडावीं? सलग नेली तर मुरूम खांचेंत बसत नाहीं, पण स्क्रू काढावयाचा म्हणजे दर वेळीं पट्टी कापावी लागते. भोकें पाडलीं तर पाना चटकन पोहोंचतो, पण त्या भोकांच्या कांठाखालीं धूळ शिरून पट्टी उचलूं लागते. दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांकडे फार कींव येऊन पाहतात. मी सलग पक्षाचा आहें. मांडीवर उताणी मोटार घेऊन बसलेला मनुष्य दुसऱ्या पक्षांत जाणें शक्य नाहीं.

नातवानें आणि मीं मिळून ती पट्टी लावली. तळ स्पिरिटानें पुसला, साबणाचा थेंब टाकलेलें पाणी शिंपडलें, पट्टी सरकवून बसविली, जुन्या पोस्टकार्डाच्या कडेनें पाणी बाहेर लोटलें आणि केस वाळविण्याच्या यंत्रानें कांठ शेकले. एक बुडबुडा राहिला तो माझ्या हातून. त्याबद्दल मला अद्याप ऐकून घ्यावें लागतें.

परवां हंगाम संपला. पट्टी सोलून काढली तेव्हां ती दुधासारखी पांढरी झाली होती, आणि एके ठिकाणीं तर आरपार फाटली होती. तिच्याखालचा तळ दुकानांतून आणला तसाच काळाभोर होता. नातवानें चौथ्या स्क्रूंत पाना घातला. तो पहिल्याच वेढ्याला सुटला.