नोंदीत ‘कॉफी’ लिहिलंय, पण कुठली?

समजा, तुमच्या हातात जावा बेटाच्या दोन नोंदी आहेत. एक १८६५ ची, दुसरी १९३० ची. दोन्हींत रकाना एकच: ‘कॉफी’. दोन आकडे शेजारी ठेवून उत्पादन वाढलं की घटलं हे सांगायला निघाला असाल, तर जरा थांबा. पहिल्या नोंदीतलं झाड अरेबिका आहे. दुसरीतलं बहुतांशी रोबस्टा. शब्द तोच राहिला, पीक बदललं.

आधी फरक समजून घेऊ. अरेबिकाच्या पेशीत ४४ गुणसूत्रं असतात, तर कॉफीच्या इतर प्रजातींत २२. अरेबिका मुळात दोन प्रजातींच्या संकरातून आलेली, आणि त्यातली एक म्हणजे रोबस्टाच! अरेबिकाचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. अरेबिकाला उंचावरची थंड हवा मानवते. रोबस्टा सखल, उष्ण भागातही तग धरते. रोबस्टाच्या बीत कॅफिन साधारण दुप्पट, म्हणून ती कडू लागते.

आता यातला इतिहास बघा. स्वतःच फळणारं झाड एकट्यानंही वंश वाढवतं. १७०६ मध्ये जावाहून एक रोप ॲमस्टरडॅमच्या उद्यानात आलं. १७१४ मध्ये त्याच्या वंशातलं एक फ्रान्सच्या राजाला भेट मिळालं. अशा मोजक्या रोपांची संतती अमेरिका खंडात पसरली. व्यापाराच्या दृष्टीनं ही सोय होती, पण लाखो झाडं एकमेकांची जवळची नातेवाईक झाली. एकाला जो रोग मारेल, तो सगळ्यांना मारणार.

तसंच झालं. १८६९ मध्ये सिलोनमध्ये तांबेरा आढळला. ही पानावर नारिंगी डाग पाडणारी बुरशी आहे. मळ्यांत सलग एकच पीक, त्यामुळे बुरशीला आडकाठीच नव्हती. १८८० च्या सुमारास मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाला तपासासाठी पाठवलं गेलं, पण तोवर उशीर झाला होता. शतक संपेपर्यंत सिलोन चहाचा देश बनला.

जावात मळेवाल्यांनी आधी पश्चिम आफ्रिकेतली लिबेरिका लावून पाहिली. तीही तांबेऱ्यापुढे टिकली नाही. मग १९०० च्या आसपास काँगोतून ब्रुसेल्समार्गे रोबस्टा आली, आणि ती टिकली.

इथे नावांची गंमत आहे, बरं का. ‘रोबस्टा’, म्हणजे दणकट, हे नाव ब्रुसेल्सच्या रोपवाटिकेनं रोपं विकताना दिलेलं. वनस्पतिशास्त्रात १८९७ पासून ‘कॅनेफोरा’ हे नाव छापलेलं होतं. म्हणजे जुन्या कागदांत ही दोन नावं दिसली, तर त्या दोन प्रजाती समजू नका. ‘अरेबिका’ हे नावही फसवं. लिनियसनं १७५३ मध्ये ते दिलं, कारण युरोपला कॉफी येमेनकडून माहीत झाली. झाडाचं मूळ इथिओपियात आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला ‘बुंददाणा’ म्हणत. अरबी ‘बुन’शी नातं सांगणारा शब्द. त्यावरून प्रजाती कळत नाही, पण कागदाच्या काळावरून कळू शकते. रोबस्टा व्यापारात येण्यापूर्वीचा कागद असेल, तर ती जवळपास नक्कीच अरेबिका. उलट, कर्नाटकातल्या बाळेहोन्नूर संशोधन केंद्राचा ‘एस. ७९५’ हा वाण अरेबिका म्हणून विकला जातो, पण त्याच्या वंशात लिबेरिकाचंही रक्त आहे. म्हणजे नाव ठाऊक असूनही काम संपत नाही.

‘अरेबिका उंची, रोबस्टा हलकी’ हे वाक्यही स्रोतात जसंच्या तसं स्वीकारू नका. चवीचा फरक खरा आहे. पण रोबस्टा बाजारात आली तीच पडलेल्या पिकाची जागा भरायला, आणि तिची किंमत व पत अरेबिकाच्या मापानं ठरली. आजही अरेबिकाचे वायदे न्यूयॉर्कला होतात, रोबस्टाचे लंडनला. भारतात तर रोबस्टाचंच उत्पादन जास्त आहे.

तेव्हा कुठल्याही पिकाची नोंद हाती आली की तीन प्रश्न विचारा. हा शब्द त्या वर्षी कशासाठी वापरत होते? नाव कुणी दिलं: शेतकऱ्यानं, व्यापाऱ्यानं की शास्त्रज्ञानं? आणि दोन नोंदींच्या मधल्या काळात झाड तेच राहिलं का? उत्तरं मिळाली की मगच तक्ता करायला बसा.