ओळख पुसलेली मशीन

नव्वदच्या दशकात कॉलेजच्या प्रयोगशाळेत पन्नास नवे संगणक आले, की कुणाचा तरी आठवडा त्यातच जायचा. प्रत्येक मशीनसमोर बसायचं, विंडोज टाकायची, मग ड्रायव्हर, मग वर्ड, मग प्रिंटर. एकदा नीट लावलेली हार्ड डिस्क जशीच्या तशी बाकीच्यांवर उतरवता आली तर? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, बायनरी रिसर्च या छोट्या कंपनीत, मरे हॅझार्ड यांनी १९९५ च्या सुमारास नेमकं हेच करणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव घोस्ट. फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं, मूळ डिस्कची इमेज एका फाइलीत घ्यायची आणि ती दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. तासांचं काम मिनिटांवर आलं. १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली आणि घोस्ट जगभरच्या कार्यालयांत पोचला.

आज क्लाउडवर एका इमेजवरून शेकडो व्हर्च्युअल मशीन उभी करतात, ती याच युक्तीची पुढची पिढी. त्यातली काही मशीन काही केल्या उभी राहत नाहीत तेव्हा लोक नेटवर्क तपासतात, कोटा तपासतात, क्लाउडला दोष देतात. पण दुखण्याचं मूळ बऱ्याचदा घोस्टच्याच काळातलं असतं: डिस्कची नक्कल होते, तेव्हा मशीनच्या ओळखीचीही नक्कल होते.

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने प्रत्येक मशीनला एक ओळख क्रमांक दिला, एसआयडी. एस-१-५-२१ अशी सुरुवात आणि पुढे तीन लांबलचक आकडे. त्या मशीनवर उघडलेल्या प्रत्येक खात्याचा क्रमांक म्हणजे हाच आकडा आणि शेवटी एक शेपूट: मूळ प्रशासकाला ५००, नंतरच्या खात्यांना १००० पासून पुढे. घोस्टने डिस्क उतरवली की हा आकडाही उतरतो. मग एका मशीनवरचं लेखनिकाचं खातं आणि शेजारच्या मशीनवरचं लेखापालाचं खातं, नावं वेगळी पण क्रमांक एकच. एनटीएफएसची काढती डिस्क इकडून तिकडे नेली, तर लेखापालाने स्वतःपुरती ठेवलेली फाइल लेखनिकाला सहज उघडते. परवानगी ठरवताना विंडोज नाव पाहत नाही, क्रमांक पाहते.

यावर इलाज निघाले. घोस्टसोबतच ‘घोस्ट वॉकर’ नावाचं क्रमांक बदलणारं साधन मिळू लागलं. १९९७ मध्ये मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी ‘न्यूसिड’ फुकट वाटलं. मायक्रोसॉफ्टने स्वतःचं साधन आणलं ते सिसप्रेप. त्याचा विचारच वेगळा होता. नक्कल झाल्यावर क्रमांक बदलण्याऐवजी, नक्कल करण्याआधीच मूळ मशीनची ओळख पुसायची. एसआयडी, संगणकाचं नाव, त्या हार्डवेअरच्या खास नोंदी, सगळं काढून मशीन बंद करायचं आणि त्या अवस्थेत इमेज घ्यायची. तिच्यावरून निघालेलं प्रत्येक मशीन पहिल्यांदा चालू होताना स्वतःची नवी ओळख तयार करतं. यालाच जनरलाइज करणं म्हणतात.

सिसप्रेप फार नाजूक निघालं. विंडोज ७ च्या काळात एका इमेजवर ते मोजक्याच वेळा चालायचं, कारण अॅक्टिव्हेशनची मुदत पुन्हा सुरू करण्याच्या संधी मर्यादित असत. विंडोज ८.१ पासून ही मर्यादा १००१ वर गेली. विंडोज ८ सोबत स्टोअरमधली अॅप आली आणि नवी कटकट सुरू झाली. एखाद्या वापरकर्त्याने स्वतःपुरतं एक अॅप घेतलं, अपडेट केलं, की सिसप्रेप ‘फेटल एरर’ म्हणून थांबतं. पडद्यावर एवढंच. खरं कारण सिस्टिम३२ मधल्या सिसप्रेपच्या पँथर फोल्डरात, सेटअपअॅक्ट नावाच्या लॉगमध्ये असतं: अमुक पॅकेज एका वापरकर्त्यासाठी बसवलंय, सर्वांसाठी नाही. अॅपचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. ते काढायचं आणि सिसप्रेप पुन्हा चालवायचं. लॉग न वाचता दहा ठिकाणचे दहा उपाय करून पाहणाऱ्यांचे दिवस यात गेले आहेत.

पुढे हीच इमेज क्लाउडवर गेली. अॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी२ ही व्हर्च्युअल मशीनची सेवा चाचणीसाठी खुली केली. तिचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला, ख्रिस पिंकहॅम यांच्या गटाने बांधला होता. मशीन हवं तर इमेज निवडायची, बस. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर अशी मशीन एप्रिल २०१३ पासून सर्वांना मिळू लागली.

अझूरने इमेजला एक खूण जोडली: ही जनरलाइज्ड आहे की स्पेशलाइज्ड, म्हणजे ओळख पुसलेली की ओळखीसकट. गोची इथेच आहे. खूण लावणारा आदेश मशीनच्या आत काहीही करत नाही, आत सिसप्रेप झालंय का हेही पाहत नाही. तो फक्त नोंद करतो. नोंद आणि आतली स्थिती जुळली नाही की मशीन अडकतं, आणि कसं अडकलं यावरून चूक कुठल्या बाजूची ते कळतं. पुसलेली इमेज ओळखीसकटची म्हणून चढवली, तर मुदत संपल्याचा एरर येतो. बूट डायग्नोस्टिक्समधलं पडद्याचं चित्र उघडावं, तर तिथे विंडोजचा पहिल्या दिवसाचा पडदा: देश निवडा, भाषा निवडा. शेकडो मैलांवरच्या डेटा सेंटरमध्ये तो प्रश्न उत्तराविना तसाच राहतो, कारण तिथे कळफलक नाही आणि माणूसही नाही. उलट चूक झाली, ओळखीसकटची इमेज पुसलेली म्हणून चढवली, तर मशीन चालू होतं ते जुन्याच नावाने, जुन्याच खात्याने आणि जुन्याच पासवर्डने. नवी माहिती कुणी घेतच नाही आणि तैनाती फसते. दोन्हींवर उपाय एकच: मूळ मशीनकडे परत जाऊन इमेज नीट घेणं. मात्र जनरलाइज्ड अशी खूण लावलेलं मूळ मशीन अझूर पुन्हा चालू करू देत नाही. म्हणून जाणती माणसं आधी डिस्कची प्रत काढून ठेवतात.

इमेज कुठे घेतली, यावरूनही मशीन अडकतं. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, चेन्नई आणि मुंबईत डेटा सेंटर सुरू केली. पुण्याचं अझूरमधलं नाव ‘सेंट्रल इंडिया’. पुण्यात घेतलेली साधी मॅनेज्ड इमेज चेन्नईत चालत नाही. आधी अझूरच्या इमेज गॅलरीतून तिची प्रत तिकडे पाठवावी लागते. त्यामुळे येणारा एरर दिसायला अवघड, पण सुटायला सोपा.

लिनक्सवाल्यांचीही यातून सुटका नाही. अझूर नव्या मशीनला नाव नि खातं कळवतं ते एक आभासी डीव्हीडी जोडून. ती यूडीएफ पद्धतीची असते. सुरक्षेच्या प्रचलित याद्या यूडीएफ बंद करायला सांगतात. कुणी इमानेइतबारे ते बंद करतो आणि मशीन आपलं नाव वाचूच शकत नाही. लिनक्समधली मशीन-आयडीची फाइल न पुसता नक्कल केली, तर दोन मशीन एकाच आयपी पत्त्यावर हक्क सांगू शकतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी फ्रान्समधल्या युरेकॉम संस्थेच्या संशोधकांनी अॅमेझॉनवरच्या पाच हजारांहून अधिक सार्वजनिक इमेज तपासल्या. त्यांत विसरलेल्या खासगी किल्ल्या सापडल्या आणि मालकांनी डिलीट केलेल्या फाइलीही परत मिळवता आल्या. इथे पुसण्याचा आळस म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं होतं.

एसआयडीच्या कथेला मात्र एक अनपेक्षित वळण मिळालं. नोव्हेंबर २००९ मध्ये, तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेल्या रुसिनोविच यांनी स्वतःचंच न्यूसिड निवृत्त केलं. मशीनचा एसआयडी मशीनबाहेर ओळख म्हणून वापरलाच जात नाही, तेव्हा दोन मशीनचा क्रमांक सारखा असला तरी बिघडत नाही, अपवाद डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे साऱ्या नेटवर्कची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचा, असा त्यांच्या लेखातला दावा होता. स्वतःच्या गाजलेल्या साधनाची गरजच नव्हती असं उघडपणे लिहायला मोठी सचोटी लागते. सिसप्रेप करा हा कंपनीचा नियम त्यांनीही कायम ठेवला होता, कारण इतर सॉफ्टवेअर आपापली ओळख जपतं आणि तीही पुसावी लागते. पण अनेकांनी त्या लेखातलं हे अर्धं वाक्य सोडून दिलं आणि डिस्का तशाच उतरवत राहिले.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या विंडोज ११ आणि सर्व्हर २०२५ च्या अपडेटने एसआयडीची तपासणी कडक केली. सारख्या क्रमांकाच्या मशीनमध्ये केर्बेरॉस आणि एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या पद्धतींनी होणारं लॉगिन फसू लागलं, शेअर केलेली फोल्डरं उघडेनात, रिमोट डेस्कटॉप पासवर्ड बरोबर असूनही आत घेईना. वर्षानुवर्षं मुकाट चाललेली क्लोन मशीन एका अपडेटनंतर एकमेकांना ओळखेनाशी झाली. तात्पुरती सवलत हवी तर मायक्रोसॉफ्टच्या मदत विभागाकडून एक खास ग्रुप पॉलिसी मागून घ्यावी लागते. कायमचा उपाय म्हणून कंपनीने सांगितलंय की अशी मशीन सिसप्रेप केलेल्या इमेजवरून नव्याने उभी करा.