प्राथमिक शाळेतील चित्रकला : नकलेकडून चिकटकामाकडे

रंगीत कागदाचे कपटे, लोकर, चिंध्या आणि डाळीचे दाणे चिकटवून लहान मुलांनी केलेले हत्ती, वाघ आणि मोर हा विषय स्मृतिव्याख्यानासाठी काहींना किरकोळ वाटेल. परंतु मूल म्हणजे कोण, याविषयी शाळेची खरी समजूत काय आहे, हे मला चित्रकलेच्या तासाला जितके स्पष्ट दिसले तितके इतर कोणत्याही तासाला दिसले नाही. म्हणून हा इतिहास सांगण्याचे धाडस करते.

आपल्याकडील चित्रकलेच्या शिक्षणाचा पाया साम्राज्यकाळात घातला गेला. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, आणि तेथील अध्यापनावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीची छाप पडली. आधी सरळ रेषा, मग वक्ररेषा, मग प्लास्टरच्या नमुन्यावरील पानाफुलांची नक्षी. रंगांची पाळी पुष्कळ उशिरा. या पद्धतीने कसलेले आरेखक घडवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या वडोद्यातही सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली कलाभवन निघाले, ते उद्योगधंद्यांच्या शिक्षणासाठीच. वळणदार हात ही कारखान्याची आणि कार्यशाळेची खरी गरज होती. घोटाळा झाला तो हीच शिस्त सहा वर्षांच्या मुलाला लावल्यामुळे. मी शिक्षकी पेशात आले तेव्हा दोनाच्या आकड्यातून बदक काढायला शिकवणे म्हणजे प्राणिचित्र, अशीच सर्वसाधारण समजूत होती. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा असतच. त्यांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि कर्तव्यभूमिती यांची सावली खालच्या वर्गांवरही पडे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का युरोपात बसला. फ्रांझ चिझेक याने १८९७ साली व्हिएन्नात मुलांसाठी कलावर्ग उघडला. मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची आवृत्ती नव्हे, त्याला स्वतःची घडण असते, हा त्याचा आग्रह. मुलांच्या हाती केवळ पेन्सिल न देता त्याने रंगीत कागद, कात्री, माती आणि लिनोलियमचे ठसे दिले. पहिल्या महायुद्धानंतर या मुलांच्या कामांची प्रदर्शने लंडनमध्ये भरली आणि शिक्षकवर्गात खळबळ उडाली. त्या कामांत चिझेकचीच आवड डोकावते, असा आक्षेपही घेतला गेला. मला तो पटतो; मुक्त वर्गातही गुरुजींना आवडेल तेच काढण्याकडे मुलांचा कल असतो.

आपल्या देशात हा विचार निराळ्या वाटेने आला. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून गेले आणि त्यांनी नई तालीमच्या मुलांत काम केले. शांतिनिकेतनचेच के. जी. सुब्रमण्यन वडोद्याला आले. येथील विद्यापीठात १९५० साली ललितकला विभाग सुरू झाला होता. १९६१ पासून तेथे ललितकला मेळा भरू लागला. त्या मेळ्यांसाठी सुब्रमण्यन यांनी लाकडाचे ठोकळे, चामड्याचे तुकडे आणि मणी यांपासून खेळणी केली. देवाने प्रथम सारे प्राणी एकसारखेच घडवले, अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे मुलांसाठीचे पुस्तकही १९६९ सालचे. नामवंत चित्रकार खेळण्यांत इतका जीव ओततो, ही गोष्ट आम्हा शाळामास्तरांना पुष्कळ काही शिकवून गेली.

वर्गात मी हे कसे केले, ते थोडक्यात सांगते. आदल्या दिवशी मुलांनी जुन्या वर्तमानपत्रांवर रंगांचे पट्टे ओढायचे. दुसऱ्या दिवशी ते कागद कात्री न लावता हातांनी फाडायचे, कारण फाटलेली कड केसाळ दिसते आणि अस्वल आपोआप अस्वल होते. मोठा आकार आधी. डोळा सर्वांत शेवटी, नाहीतर मूल डोळ्यातच अडकून पडते. चिकटवायला मैद्याची खळ. सिंहाच्या आयाळीला लोकर, कासवाच्या पाठीला डाळ. मेणखडूने ठिपके देऊन वरून पाण्याचा रंग फिरवला की मेणावरून रंग ओघळतो आणि चित्ता उठून दिसतो. त्या क्षणी वर्गात उठणारा गलबला मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोहोचे. दोरीची नक्कल फळ्यावरून उतरवता येत नाही. ती हातात घेऊनच वळवावी लागते, आणि दोन मुलांच्या हातांत ती एकसारखी वळत नाही.

आता बाजारात कापलेले सोंड-कान असलेले तयार संच मिळतात. स्नेहसंमेलनाच्या दिवशी भिंतीवर चाळीस एकसारखे हत्ती लागतात आणि पालक संतुष्ट होतात. जुनी नक्कलच ही, फक्त रंगीत आणि अधिक महाग.

इतिहास लिहिताना मला एक अडचण सतत जाणवली. शाळांची निकालपत्रके सापडतात, परीक्षांची प्रमाणपत्रे सापडतात; मुलांनी केलेले प्राणी मात्र रद्दीत गेलेले असतात. संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे की, यंदापासून प्रत्येक इयत्तेची दहा कामे एका पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवावीत. मागे तारीख आणि इयत्ता लिहावी, आणि त्या प्राण्याविषयी मुलाने जे सांगितले असेल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहून ठेवावे.